फळाची कबर

सरोवराकाठच्या असेम्बोत सगळे तिला न्यार उयोमा म्हणत, म्हणजे उयोमाची लेक. सासरी आलेल्या बाईला माहेरच्या मुलखावरून हाक मारायची आमची रीत आहे. तिचं खरं नाव अगुतू, पण ते घेणारी माणसं केव्हाच मातीआड झाली होती. बाई हाताची सढळ आणि तोंडाची फटकळ. तिच्या दारातून कोणी उपाशी परत गेला नाही, आणि दोन शब्द ऐकून घेतल्याशिवायही गेला नाही. पण सूर्य सरोवराकडे कलला, की ही बडबडी बाई एकाएकी गप्प व्हायची. हातातलं काम टाकून झोपडीच्या उंबऱ्यावर यायची आणि आवाराच्या फाटकाकडे बघत बसायची. शेजारणी चिडवायच्या, "कोण पाहुणा येणार आहे गं तुझा?" त्यावर ती म्हणायची, "तुझा नवरा. त्याला तुझ्या हातचं गोड लागत नाही म्हणे." हशा व्हायचा आणि विषय मोडायचा. पंचेचाळीस वर्षं तिनं तो असाच मोडला.

गोऱ्यांच्या शिपायांनी उयोमाची गुरं हाकून नेली, त्या वर्षी तिचा जन्म. तिची आई सांगायची, की त्याआधी आम्ही आमचे भांडत होतो आणि आमचे मिटवत होतो. आज शेजारच्या गावानं आमची गुरं पळवली तर उद्या आम्ही त्यांची पळवायची, त्यात लाज नव्हती. बंदुका आल्या आणि गेलेली गुरं परत आणायची सोयच राहिली नाही. अगुतू चालायला लागली तेव्हा आगगाडी सरोवराच्या काठाला येऊन थांबली होती. ती बोलायला लागली तेव्हा दर झोपडीमागे कर बसला होता. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव ओबुया. उंच, मासेमारी करणारा, मोजकं बोलणारा. घरी येताना तो फाटकाशी तीनदा खाकरायचा, दोनदा तोकडं आणि एकदा लांब. ते ऐकू आलं की ही चुलीवरचं भांडं उतरवायची. संसार म्हणावा तर एवढाच झाला, तोही आठ महिने.

तेव्हा इंग्रज साहेबाची जर्मन साहेबाशी लढाई जुंपली होती. भांडण त्यांचं आणि ओझं आमच्या डोक्यावर. लढाईच्या तिसऱ्या वर्षी साहेबानं नेमलेल्या चीफचे शिपाई बाजारात शिरले आणि तरणे दिसले त्यांना सरळ दोरीत घातलं. ओबुया त्या दिवशी मासे विकायला गेला होता. गळ्यात नंबराचा पत्र्याचा बिल्ला अडकवून त्यांना दक्षिणेला जर्मनांच्या मुलखात नेलं, दारूगोळ्याच्या पेट्या वाहायला. या हमालांना सगळे कारिअकोर म्हणत. त्यांच्यातले गोळीनं थोडे आणि हगवणीनं फार मेले. कुठल्या वहीत त्यांचे नंबर असतील तर असोत, नावं कोणी लिहिली नाहीत. काही महिन्यांनी गावातला एक जण नुसती हाडं होऊन परत आला. ओबुया रुफिजीच्या दलदलीत पडला तो उठलाच नाही, असं त्यानं सांगितलं. थांबून बघायची मुभा नव्हती, मागून चाबूक होता.

आमच्यात मेलेल्याला घर लागतं. परक्या मातीत पडलेला माणूस तिथं राहत नाही. तो घरी येतो, आणि घरी त्याला जागा नसली तर घरच्यांना झोपू देत नाही. म्हणून देह मिळाला नाही तर यागोच्या झाडाचं फळ आणतात. हातभर लांब, दिसायला दुधी भोपळा, पण उचलायला धोंडा. ते कातड्यात गुंडाळतात, मेलेल्याचं नाव घेतात आणि त्याच्या झोपडीच्या उजव्या अंगाला पुरतात. फळ पुरलं की माणूस पुरला, पुन्हा त्यात बदल नाही. ओबुयाच्या आईनं ते फळ खड्ड्यात ठेवण्याआधी दोन्ही हातांवर घेऊन तोललं आणि म्हणाली, "जन्मला तेव्हा एवढाच होता." मग मुंडण झालं आणि रडणं झालं. वर्षानं रीतीप्रमाणे धाकटा भाऊ रादिंग विधवा वहिनीच्या घरात आला. त्याची स्वतःची बायको शेजारच्या आवारात होती. न्यार उयोमाला मुलं होतील ती रक्तानं रादिंगची, पण नाव चालवणार ओबुयाचं. रादिंग स्वभावानं भित्रा आणि मायाळू होता. पहिल्यांदा आला तेव्हा बिचारा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, तिनं खेकसून आत घेतलं.

त्याच सुमाराला तापाची साथ आली. तिच्यामागून दुष्काळ आला. रोज कुठून तरी रडणं ऐकू यायचं. मेलेल्यांना पुरायला माणसं कमी पडत होती आणि सगळ्यांना वाटत होतं, की परमुलखात बेवारस पडलेले कारिअकोर परत येऊन आपली माणसं ओढून नेताहेत. अशा दिवसांत, एका संध्याकाळी, फाटकाशी कोणीतरी खाकरलं. दोनदा तोकडं आणि एकदा लांब.

न्यार उयोमाला सहावा महिना होता. रादिंग सरोवरावर गेला होता. घरात ती आणि सासू, दोघीच. तिचे हात सवयीनं चुलीवरच्या भांड्याकडे गेले आणि तिथंच थांबले. दोघी दारात आल्या. फाटकाबाहेर एक माणूस उभा होता. माणूस कसला, हाडांवर पांघरलेलं कातडं. गळ्यात बिल्ला. तो आत येत नव्हता. त्याची नजर झोपडीच्या उजव्या अंगाला, कबरीच्या उंचवट्यावर खिळली होती.

"घरातलं कोण गेलं?" त्यानं विचारलं.

सासूच्या तोंडून विचित्र आवाज निघाला आणि ती चुलीकडे धावली. भुताला राखेनं घालवतात, आणि नवऱ्याच्या भुताला बायकोनंच घालवायचं असतं. म्हातारीनं सुनेच्या ओंजळीत गरम राख ओतली आणि तिला पुढं ढकललं. फाटकापर्यंत वीस पावलं. त्या वीस पावलांत न्यार उयोमानं त्याचा चेहरा पाहिला, भुवईवरचा गळ लागल्याचा वण पाहिला आणि तिला कळलं. तो तिच्या पोटाकडे बघत होता. तिनं राख टाकली. ती त्याच्या छातीवर पडली.

त्यानं ती झटकलीही नाही. म्हणाला, "पश्चिमेकडचं कुंपण पडलंय. तरस शिरेल." मग वळला आणि सरोवराच्या वाटेनं निघून गेला.

सकाळी ती पाणी आणायला निघाली. पश्चिमेच्या बाजूला शेराच्या कुंपणात मोठं भगदाड होतं, साथीच्या दिवसांत ते बुजवायला कोणाला सवड झाली नव्हती. आता तिथं बाभळीच्या फांद्या घट्ट रोवलेल्या होत्या आणि सालीच्या दोऱ्यांनी शेराला बांधलेल्या होत्या. गाठी नीटनेटक्या, प्रत्येक गाठीचं टोक आत वळवलेलं. ती घागर तशीच धरून उभी राहिली. भूत घरादाराला घाबरवतं, माणसं ओढून नेतं, पण भूत कुंपण बांधत नाही.

ती त्याच्यामागे धावली असती तर? सहा महिन्यांचं पोट घेऊन? हाक मारली असती तर सासू काय म्हणाली असती, रादिंग कुठं गेला असता, पोटातलं पोर कोणाचं ठरलं असतं? हे सगळे प्रश्न तिनं नंतर आयुष्यभर स्वतःला विचारले. त्या सकाळी तिनं एकच केलं. घागर घेऊन पाण्याला गेली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

मुलगा झाला. तो दिवसरात्र रडायचा. आमच्यात असं मूल रडतं तेव्हा मेलेल्यांपैकी कोणीतरी आपलं नाव मागत असतं. म्हणून एकेका पूर्वजाचं नाव घेत जातात, मूल ज्या नावाला गप्प होईल ते ठेवतात. म्हाताऱ्या बायका जमल्या, नावं घेऊ लागल्या. आजोबा, पणजोबा, काका. पोर रडतच होतं. सासूनं "ओबुया" म्हटलं आणि पोर चटकन थांबलं. बायकांनी सुस्कारा सोडला. पण न्यार उयोमा म्हणाली, की त्याला उचकी लागली म्हणून थांबला, हे नाव ठेवायचं नाही. जिवंत माणसाचं नाव पोराला देत नाहीत, हे तिच्या मनात होतं, पण ते बोलायचं कसं? सासूनं थयथयाट केला. सगळ्यांना वाटलं, आता रादिंग बायकोला चार शब्द सुनावील, शेवटी भावाचं नाव आहे. रादिंग खाली मान घालून म्हणाला, "पोराची आई नको म्हणते तर नको." पोराचं नाव ओदेरा ठेवलं. तो आणखी दोन महिने रडला.

त्यानंतर त्या बाईच्या मागं जे लागलं ते सुटलं नाही. संध्याकाळी फाटकाशी खाकरणं ऐकू यायचं. बाहेर जाऊन पाहावं तर शेळ्या, नाही तर वारा. आणि दर वर्षी मोठा पाऊस संपला, की पश्चिमेचं कुंपण कुजून खाली बसायचं. ती त्याला हात लावायची नाही. चार-आठ दिवस जायचे आणि एका सकाळी तिथं ताज्या फांद्या दिसायच्या, त्याच गाठी, टोकं आत वळवलेली. पहिल्या वर्षी तिला वाटलं, तो जवळपास कुठं तरी राहतो आहे. तिनं बाजारात, मासेमारांत चौकशी केली, कोणी पाहिला नव्हता. दहा वर्षं झाली, वीस झाली, आणि तिची खात्री डळमळू लागली. जिवंत माणूस वीस वर्षं कोणाच्याही नजरेला न पडता येईल कसा? मग तो भूतच होता का? मग राख टाकली ते बरोबरच झालं का? असं वाटलं की तिला हलकं वाटायचं, आणि हलकं वाटल्याची लगेच लाज वाटायची. रादिंगला विचारायचं धाडस तिला झालं नाही. चार मुलं झाली त्याच्यापासून, दोघांनी सुखदुःखं काढली, पण त्या कुंपणाबद्दल दोघांत कधी शब्द निघाला नाही.

मधे पाद्री आला. तिनं बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर घेतलं, कारण पाद्र्याच्या दवाखान्यात ओदेराचा ताप उतरला होता. पाद्र्यानं वहीत लिहिताना विचारलं, नवरा आहे की वारला? ती म्हणाली, "दोन्ही." वहीत दोन्हीचा रकाना नव्हता, त्यानं विधवा लिहिलं. मग दुसरी लढाई आली, मग स्वातंत्र्याच्या सभा आल्या, आणि एक दिवस झेंडा बदलला. चीफची खुर्ची तीच, तिच्यावर बसणारा नवा. न्यार उयोमा नाचायला गेली, भरपूर नाचली आणि सूर्य कलायच्या आत घरी आली.

झेंडा बदलल्याच्या पुढच्या वर्षी, दुपारच्या वेळी, चाळिशीची एक बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. हातात झाकणाचा पत्र्याचा डबा. आगगाडीनं आणि बोटीनं ती टाबोराहून आली होती, टांगानिकातून. नाव कालुंदे. आमची भाषा ती तोडकीमोडकी बोलायची, पण जे शब्द यायचे ते जुन्या वळणाचे, आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरलेले. तिनं डब्यातून काढून एक बिल्ला न्यार उयोमाच्या हातावर ठेवला. गंजलेला, नंबर पुसट. डब्यात माती होती.

"माझा बाप तुमच्या घरचा होता," कालुंदे म्हणाली. "गेल्या वर्षी गेला. म्हणायचा, माझ्या कबरीवरची माती असेम्बोला नेऊन टाका."

ओबुया सरोवर ओलांडून टाबोराला गेला होता, रेल्वेच्या रुळांवर कामाला लागला होता, तिथंच त्यानं घर केलं होतं. त्यानंतर पुन्हा एकदाही उत्तरेला पाऊल टाकलं नव्हतं. कालुंदे हे सांगत होती आणि न्यार उयोमा कुंपणाकडे बघत होती. मग तिनं विचारलं, की तो घराबद्दल काही बोलायचा का.

"एकदाच बोलला, आई. म्हणाला, मी घरी गेलो होतो. पण इतका वाळलो होतो, की बायकोनं मला ओळखलं नाही. तिची काय चूक."

त्यानं स्वतः तिला दोषातून सोडवलं होतं. तिनं नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. न्यार उयोमा उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी भावकीची म्हातारी माणसं झाडाखाली बसली. थोरला होता ओगाला, ऐंशीचा, कानानं अधू पण रीतीभातीत पक्का. त्यानं सरळ सांगितलं, की ही माती आवारात येणार नाही. ओबुया या घरात पुरलेला आहे, एका माणसाला दोन कबरी नसतात. दुसरी खणली तर ती भरायला घरातलंच कोणी तरी जातं. बिल्ल्यावर नंबर आहे, नाव नाही. कोण कुठला कारिअकोर असेल. "ओबुया लढाईत मेला आणि साथीच्या वर्षी त्याचं भूत येऊन गेलं, हे त्याच्या आईनंच सांगितलेलं आहे," ओगाला म्हणाला. "फाटकाशी आला तो माणूस होता, असं कोणी सांगितलं तर गोष्ट वेगळी. मग फळाची कबर खोटी पडेल, ती उकरता येईल. पण बघणारं कोण उरलंय?"

सगळ्यांच्या नजरा न्यार उयोमाकडे गेल्या. ओदेरा आता पंचेचाळिशीचा, शाळेत हेडमास्तर झालेला. तो तिच्या कानाशी वाकला. "आई, गप्प राहा. नवरा जिवंत असताना तू काकाचं घर केलंस असं होईल. आम्ही चौघं कोणाची मग?" त्याचं खोटं नव्हतं. पलीकडे कालुंदे डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला अर्धंमुर्धंच कळत होतं.

"भूत नव्हतं," न्यार उयोमा म्हणाली. "मी ओळखलं होतं त्याला. लांबून नाही, अगदी जवळून. ओळखून राख टाकली. आणि दुसऱ्या दिवशी कुंपण बांधलेलं होतं. भूत कुंपण बांधतं का कुठं?"

ओगालाला ऐकू आलं नाही, कोणी तरी त्याच्या कानात ओरडून सांगितलं. तो म्हणाला, की कुंपण काय, दर वर्षीच बांधलं जातं.

"दर वर्षी मी बांधत होतो," रादिंग म्हणाला. "पहिलं सोडून."

तो सगळ्यांच्या मागे बसला होता, काठीवर हनुवटी टेकून. न्यार उयोमा वळली. पंचेचाळीस वर्षांत तिनं त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"गाठ आमच्या बापाची. तो मासे धरायचे पिंजरे विणायचा, टोक आत वळवायचा. आम्हां दोघा भावांनाच ती शिकवली होती. त्या सकाळी सरोवरावरून आलो, गाठ बघितली आणि समजलो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलली नाहीस. मला वाटलं, हिला माहीत नाही, नाही तर हिला माहीत असून नको आहे." त्याची मान काठीवरून उठली नाही. "बोललो असतो तर हे घर सोडावं लागलं असतं. मला हे घर हवं होतं. तू हवी होतीस. आईनं सांगितलं होतं, जाताना तो काय म्हणाला ते. म्हटलं, भावाचं बाकी काही करता आलं नाही, तेवढं कुंपण तरी बांधावं."

ओदेरा उठून लांब जाऊन उभा राहिला. न्यार उयोमाला राग आला की दया आली, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. एका चुलीपाशी बसून दोघांनी तेच भूत वेगवेगळं पोसलं होतं. शेवटी ओगालानं घसा साफ केला आणि म्हणाला, की दोघांनी ओळखलं, तर तो माणूस होता.

कबर उकरली. त्यात फळ नव्हतं की कातडं नव्हतं, थोडी काळी माती होती. ती टोपलीत भरून सरोवरात सोडली. ज्याच्या नावानं रडणं झालं आहे त्याला फाटकातून आत येता येत नाही, त्याच्यासाठी कुंपण फोडावं लागतं. रादिंगनं पश्चिमेच्या गाठी स्वतःच्या हातांनी सोडल्या. वेळ लागला, पण त्यानं कोणाला मदत करू दिली नाही. कालुंदे डबा घेऊन त्या भगदाडातून आत आली. मेंढा कापला गेला. ओबुयाची माती त्याच्या झोपडीच्या उजव्या अंगाला गेली. आल्या माणसाला घरधनीण "ये" म्हणते, ते म्हणायची वेळ आली तेव्हा न्यार उयोमाचं तोंड उघडलं नाही. बायकांनी तिच्या वतीनं म्हटलं आणि पुढं उरकलं.

माणसं पांगली. सूर्य सरोवराकडे कलला. न्यार उयोमा नेहमीप्रमाणे उंबऱ्यावर येऊन बसली आणि फाटकाकडे बघू लागली. शेळ्या आल्या, आत गेल्या. वारा पडला होता. फाटकाशी कोणी खाकरलं नाही. नेहमीची वेळ गेली, तरी नाही. हे थांबावं म्हणून तिनं किती वर्षं देवाला आणि देवाआधीच्यांना विनवलं होतं, आणि आता ती कान देऊन बसली होती, आणि काही येत नव्हतं. तेव्हा ती रडली. फळ पुरलं तेव्हा रीतीनं रडली होती, हे तसलं नव्हतं. हिचा नवरा आज मेला.

कालुंदे घाबरून जवळ आली आणि नुसती शेजारी बसली. काही वेळानं न्यार उयोमानं डोळे पुसले.

"तुझा बाप घरी यायचा तेव्हा खाकरायचा का गं?"

"यायचा तेव्हा? हो. आम्ही पोरं खेळ टाकून पळायचो."

"कसा, ते करून दाखव."

कालुंदे संकोचली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती उठली, आवार ओलांडून फाटकापाशी गेली, बाहेर उभी राहिली आणि तीनदा खाकरली. दोनदा तोकडं आणि एकदा लांब.

न्यार उयोमानं आत जाऊन चुलीवरचं भांडं उतरवलं. मग दारात आली आणि म्हणाली, "ये. आत ये."